मुकं टॅपेट

बुलेटचं टॅपेट इंजिन थंड असतानाच लावायचं असतं. हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना ऐकवलंय की माझ्या हातात पाना दिसला तरी आमच्या गल्लीतली माणसं रस्ता बदलतात. पण नियम तो नियम. गाडी रात्रभर उभी राहिली पाहिजे, सकाळी सिलिंडर हाताला गार लागला पाहिजे, आणि घरातून चहाची हाक आली तरी उठायचं नाही. लोखंड तापलं की वाढतं. गरम इंजिनवर घेतलेलं माप गार झाल्यावर खोटं ठरतं. म्हणजे दिवसाला एकच संधी. सकाळी चुकलं की दुसऱ्या सकाळपर्यंत ते चुकलेलंच राहतं, आणि मधला सगळा वेळ माणसानं काळजी करत काढायचा. या कामात मी पटाईत आहे. टॅपेटच्या नव्हे, काळजीच्या.

ज्यांना टॅपेट म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगतो, फार पिडत नाही. इंजिनात दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. त्यांना उघडायला खालून दोन लांब दांड्या वर ढकलतात, त्या पुशरॉड. या सगळ्या साखळीत अगदी केसाएवढी मोकळीक ठेवावी लागते, आणि टॅपेटचा स्क्रू फिरवून ती जमवायची असते. ती जास्त झाली तर टकटक वाजतं. अजिबात राहिली नाही तर आवाज बंद होतो, पण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, फटीतून जाळ निसटत राहतो आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो. त्यामुळे जुन्या गाडीवाल्याला थोड्याशा टकटकीची भीती वाटत नाही, ती बंद पडली की मात्र झोप लागत नाही.

मला हे शिकवणारा वस्ताद नगरच्या जुन्या बसस्टँडमागे एका टपरीत बसायचा. आता तो हयात नाही. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "टॅपेट आन बायको बोलती हाय तवर काळजी न्हाई. गप झाली की समजायचं, आत कायतरी जळतंय." हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसायचा. टपरीच्या मागच्या खोलीत त्याची बायको असायची, ती आतून काहीतरी ओरडायची, आणि तो बोट वर करून म्हणायचा, "बगा, सेटिंग बरूबर हाय."

गाडी मी घेतली ती घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात. गेलो होतो मेहुण्याबरोबर म्हैस बघायला. एक व्यापारी या जुन्या, बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटवर बसून आला होता आणि म्हशींपेक्षा गाडीभोवतीच जास्त माणसं गोळा झाली होती. त्यानं तिचं वर्णनही म्हशीसारखंच केलं. पाय मजबूत, अंगानं भरलेली, खाते थोडं जास्त. "आन बोलती हाय," तो म्हणाला, "मुकी न्हाई." मी कान लावून ऐकलं. धडधडीच्या आत बारीक, एकसारखी टिकटिक येत होती. तिथंच माझं ठरलं. घरी आल्यावर बायको दारात उभी होती. "म्हैस आनायला गेल्ते, रेडा घिऊन आले," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर बरेच दिवस ती गाडीला रेडाच म्हणायची.

कान हे माझं भांडवल. नागापूरच्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपला डाय सेटर आहे. पत्र्यावर प्रेस पडते, पत्र्याचा भाग होऊन बाहेर येतो, आणि हे दिवसभर चालतं. प्रेसमध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, नीट बसली की तिचा आवाज भरीव येतो, कुठं घासत असली की त्यात एक किरकिर मिसळते. ती मी शॉपच्या दारातूनच ओळखायचो. कानात घालायला कंपनी बुचं देते. ती घातली तर डाय काय म्हणते ते कळणार कसं, म्हणून माझी बुचं खिशातच असायची. असो.

आमच्याकडे बायका नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. काही जणी पोरांच्या नावानं मारतात, 'पिंट्याचे पप्पा' वगैरे. माझ्या बायकोनं लग्नाच्या पहिल्या आठवड्यात एक हाक धरली ती कायमची. "आवं, ऐकलं का?" चहा झाला, ऐकलं का. पाणी आलं, ऐकलं का. घरात माझं तेच नाव. तिच्या माहेरी लहान पोरं मला चेष्टेनं 'ऐकलं का मामा' म्हणायची. या हाकेला माझं उत्तरही ठरलेलं, "हं." इतक्या वर्षांत त्या दोन शब्दांना काही अर्थ आहे हे दोघंही विसरलो होतो. निदान मी तरी.

ही गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. आमची एकुलती मुलगी काष्टीला दिलेली आहे. व्याह्यांची तिथं ऊसशेती आहे, माणसं चांगली आहेत. तिला सातवा लागला होता आणि पुढच्या रविवारी डोहाळजेवण होतं. हिरवी साडी घेऊन झाली होती, बांगड्या घेऊन झाल्या होत्या, राहिला होता प्रश्न जायचं कसं हा.

"एसटीनं जाऊ," बायको म्हणाली.

"बुलेट असताना एसटी कशाला?"

"दौंड रस्त्याला ट्रॅक्टर लई असत्यात आता. उसाचे."

"मग काय झालं? आपन काय आज गाडी चालवतोय?"

ती काहीतरी बोलली आणि वळून आत गेली. अलीकडे तिचं असंच होतं. पाठ फिरवून, भांड्यात तोंड घालून काहीतरी पुटपुटायचं. पहिल्यासारखं खणखणीत बोलणं राहिलं नव्हतं. गाडीवर मागे बसली की माझ्या उजव्या खांद्यावर सारखी थापटायची, ते एक नवीनच. वय झालं की माणूस भित्रं होतं, असं मी धरून चाललो होतो. तिचं वय, अर्थात.

तर काष्टीला बुलेटवरच जायचं, हे मी ठरवलं. आणि लांब जायचं म्हणजे आधी टॅपेट बघायचं. दोनेक वर्षं ते नीट चाललंय असं धरून मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. आदल्या रविवारी सकाळी मी अंगणात पोतं अंथरून बसलो. प्लग काढला, किक हळूहळू दाबत पिस्टन वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेत याची खात्री केली. उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर खोललं. आत दोन दांड्या उभ्या. वस्तादाचा दुसरा मंत्र याच जागेचा, 'फिरली पायजे, हलली न्हाई पायजे.' दांडी अंगठा आणि बोटात धरून फिरवली तर सहज फिरावी, पण वरखाली हलवायला गेलं तर हलू नये. एक दांडी जरा ढिली झाली होती. पाने लावून ती जागेवर आणली, माप धरून ठेवणारा चेकनट आवळला, पुन्हा फिरवून पाहिली. छान फिरली. कव्हर लावलं, प्लग लावला, हात पुसले आणि किक मारली.

गाडी पहिल्या किकला चालू झाली. धडधड नेहमीची, भरीव. पण तिच्या आत टिकटिक नव्हती.

मी वाकलो. कान इंजिनाजवळ नेला. काही नाही. धडधड, धूर, आणि टॅपेटच्या जागी सगळं शांत. दांड्या तर मोकळ्या फिरत होत्या, मग आवाज का बंद? चेकनट आवळताना माप सरकलं असेल. असं होतं कधी कधी, शेवटच्या आवळणीत स्क्रू थोडा फिरतो आणि मोकळीक खाऊन टाकतो. आता इंजिन तापलं होतं. उद्या सकाळपर्यंत हात लावता येणार नव्हता.

सोमवारी पहाटे उठून पुन्हा कव्हर खोललं. दांड्या फिरत होत्या. तरी मनाचं समाधान म्हणून दोन्ही किंचित ढिल्या केल्या. गाडी चालू केली. शांत. तशीच घेऊन कामाला गेलो आणि वाटेत प्रत्येक चढाला वाटत राहिलं की आता ताकद तुटणार, आता सायलेन्सरमधून फट्ट असा आवाज येणार. काहीच झालं नाही, आणि काही होत नाही याचीच मला जास्त धास्ती बसली. मंगळवारी आणखी ढिलं केलं. बुधवारी आणखी. आता बोटाला दांडी सरळसरळ वरखाली हलताना कळत होती, वस्ताद असता तर त्यानं पाना फेकून मारला असता. पण मी काय करू, ती मुकीच! मी स्वतःला सांगत होतो की कॅममध्ये काही झालं असेल, ऑईल नवीन आहे म्हणून आवाज दबत असेल, पुशरॉड वाकली असेल. एका गाडीत बिघडायला किती जागा असतात, याची यादी झोपेतसुद्धा डोक्यात चालू राहायची.

त्यात गंमत अशी की लोक कौतुक करत होते. म्हणजे मला तसं वाटत होतं. कारखान्याच्या पार्किंगमध्ये आमच्या शॉपमधला एक जण म्हणाला, "गाडी लई वाजती राव!" मी खूश होऊन म्हणालो, "बिडाचं इंजिन हाय, वाजनारच." गेटवरच्या वॉचमननं मला बघून हात कानापाशी नेला. मला वाटलं सलाम ठोकतोय. मीही ठोकला.

बायको आठवडाभर माझ्याकडे बघत होती. सकाळी मी पोत्यावर बसलो की ती दारात येऊन उभी राहायची, काही बोलायची, मी "हं" म्हणायचो, आणि ती आत जायची. एकदा संध्याकाळी तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं विचारलं, "एसटीनं गेलं तर न्हाई का चालायचं?" मी चिडलो. म्हणालो, गाडीला काही झालेलं नाही, आणि झालं असलं तरी रविवारच्या आत मी ते शोधून काढणार. खरं तर मला तिला मागं बसवून त्या रस्त्यानं जायची भीती वाटायला लागली होती. उन्हात, अर्ध्या वाटेवर, हिरव्या साडीची पिशवी मांडीवर घेऊन ती रस्त्याच्या कडेला बसली आहे आणि मी जळलेल्या व्हॉल्व्हच्या गाडीला किका मारतोय, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. लेकीच्या डोहाळजेवणाला आईच पोचली नाही, तर ते आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

शुक्रवारी मी जवळजवळ हट्टानंच दोन्ही दांड्या इतक्या ढिल्या केल्या की आता टकटक आली नाही तर देव पाण्यात ठेवायचे. किक मारली. धडधड सुरू झाली. मी डोळे मिटून ऐकत उभा राहिलो. काही नाही.

डोळे उघडले तर बायको गाडीच्या पलीकडे उभी होती. तिनं एका कानावर हात ठेवला होता. ती गाडीला वळसा घालून आली, अगदी माझ्या तोंडासमोर उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "एवढी टकटक कशानं करती ती?"

"कुठं टकटक?"

"आवं, सगळी आळी उठली की! सोमवारपासनं रोज वाढतीच हाय. मला वाटलं तुमीच वाढीवताय."

"तुला ऐकू येतंय?"

"बहिऱ्याला बी यील," ती म्हणाली, आणि लगेच तिनं जीभ चावली.

मला तिचा तो चेहरा आठवतो. चूक झाल्यावर होतो तसा नव्हता. बरेच दिवस सांभाळून नेलेलं काही हातातून निसटावं, तसा होता. मी तिच्याकडे बघितलं, मग गाडीकडे. मग खाली बसलो आणि उजव्या हाताचं बोट टॅपेटच्या कव्हरवर टेकवलं. आतून बोटावर ठोके बसत होते. स्पष्ट, एकामागून एक, दार वाजवावं तसे. बोटाला सगळं कळत होतं आणि कानात काहीच येत नव्हतं. मी बोट उचललं, ठोके गेले. टेकवलं, आले. असं मी किती वेळ केलं कोण जाणे. शेवटी तिनंच हात लांबवून गाडी बंद केली.

आम्ही दोघं पायरीवर बसलो.

"कदीपासनं?" मी विचारलं.

"दोन दिवाळ्या झाल्या आसतील."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की. लई येळा सांगितलं. तुमाला ऐकू न्हाई गेलं."

यावर तिला हसू आलं. आधी तिनं ते पदरात दाबलं, मग ते दबेना, मग मलाही आलं. पण माझं हसू मध्येच संपलं. मला राग आला. कोणाचा आला ते सांगता येत नाही. टीव्हीचा आवाज मोठा केला की लेक ओरडायची, तिचा आला. फोनवर सगळे तोंडात गुटखा असल्यासारखे बोलतात असं मी म्हणायचो आणि कोणी मला खोडून काढलं नाही, त्या सगळ्यांचा आला. बायको पाठ फिरवून पुटपुटते म्हणून मी मनातल्या मनात किती वेळा तिला नावं ठेवली होती. ती पुटपुटत नव्हतीच. ती नेहमीसारखीच बोलत होती, मला फक्त तिचं तोंड दिसत नव्हतं.

मग एक वेगळीच गोष्ट आठवली. गेली काही वर्षं मी भेटेल त्याला सांगत होतो की या औषध फवारण्यांनी रातकिडे संपले, पूर्वी कसे रान भरून ओरडायचे, आता एक नाही. लोक मान डोलवायचे. मी तिला विचारलं, "रातकिडे हायेत का गं अजून?"

"हायेत की," ती म्हणाली. "रोज कोकलत्यात."

तेव्हा मी खरा घाबरलो. व्हॉल्व्ह जळेल ही भीती एका गाडीपुरती असते. ही तशी नव्हती. डाय घासली आणि मला कळलंच नाही तर? कंपनीत कोणाला समजलं तर? मागून गाडी आली, तिनं हॉर्न दिला आणि मी रस्त्याच्या मधोमध तसाच चाललोय, असं किती वेळा झालं असेल? आणि पुढं काय? आज बारीक आवाज गेले, उद्या कोणते जातील? बायकोचा आवाज तसा बारीकच आहे. हे मी तिला बोललो नाही. त्या दिवशी कामावर मात्र कानात बुचं घालून उभा राहिलो, आणि डाय बसवल्यावर दुसऱ्या सेटरला बोलावून म्हणालो, जरा तूही ऐक. त्यानं नवलानं बघितलं.

शनिवारची सकाळ ही शेवटची संधी होती. रविवारी उजाडता निघायचं होतं. शनिवारी बसेल तेच खरं. मी नेहमीसारखा पोत्यावर बसलो आणि बायकोला म्हणालो, तू पायरीवर बैस. ती तांदूळ निवडायला घेऊन बसली. मी प्लग काढला, पिस्टन वर आणला, कव्हर खोललं. दांड्या आठवडाभराच्या माझ्या वेडेपणानं खुळखुळ्या झाल्या होत्या. पहिली दांडी बोटात धरली आणि स्क्रू थोडा थोडा वर घेत गेलो. हलतेय, हलतेय, कमी हलतेय, थांबली. फिरव. फिरली. थोडी जड वाटली म्हणून इवलंसं मागं घेतलं. पुन्हा फिरव. आता अगदी हवी तशी. चेकनट आवळताना स्क्रू दुसऱ्या पान्यानं घट्ट धरून ठेवला, कारण तिथंच माप सरकतं. पुन्हा फिरवून पाहिली. मग दुसरी. या कामात कानाचा काही संबंधच नव्हता. वस्तादानं मला बोटांनीच शिकवलं होतं आणि मी उगाचच वर्षानुवर्षं कानाला विचारत बसलो होतो. तरी खात्री होईना. एवढ्या वर्षांची सवय, ऐकल्याशिवाय जीव थाऱ्यावर कसा येणार?

किक मारली. धडधड सुरू झाली. मी तिच्याकडे बघितलं. तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं, पदर सावरला, येऊन गाडीपाशी वाकली आणि ऐकायला लागली. तिच्या कपाळाला आठी पडली. इतकी वर्षं मी दुसऱ्या कोणाच्या कानावर कधी भरवसा ठेवला नव्हता, आणि आता रेडा म्हणून गाडीला हिणवणाऱ्या बाईच्या तोंडाकडे निकालाची वाट बघणाऱ्यासारखा बघत होतो.

"बोलतंय का?" मी विचारलं.

तिनं बोट वर केलं, थांबा म्हणून. अजून ऐकलं.

"कसं बोलतंय?" मला धीर निघेना.

ती सरळ झाली, माझ्यासमोर आली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "बोलतंय. हळू. आपल्या भिंतीवरच्या घड्याळावानी."

भिंतीवरचं घड्याळ बोलतं हेही मी विसरून गेलो होतो. पण तिला ते विचारलं नाही, एका सकाळी तेवढं पुरे होतं.

रविवारी निघताना तिनं पुन्हा एसटीचा विषय काढला नाही. मला वाटलं होतं काढेल. मीच म्हणालो, "अजूनबी एसटीनं जायचं आसंल तर जाऊ." ती म्हणाली, "चला आता. मी हाय की मागं." हिरव्या साडीची पिशवी तिनं मांडीवर घेतली आणि बसली. गाडी चालू करायच्या आधी मी मान वळवून विचारलं, "ते तू उजव्या खांद्याला थापटतीस ना, ते कशाला?"

"मागनं गाडी आली की."

मी आरसा जरा बाहेर वळवला. मग म्हणालो, "आन डाव्या खांद्यावर हात ठिवतीस, तो?"

"तो धरायला," ती म्हणाली.

दौंड रस्त्याला लागलो. थंडी होती, ऊन कोवळं होतं. उसाचे ट्रॅक्टर मागं दोन-दोन ट्रॉल्या घेऊन डुलत चालले होते. मी आरशात बघत होतो, पण त्या आरशात धडधडीमुळं सगळं थरथरतं, त्यात कळतं ते एवढंच की मागं काहीतरी आहे. उजव्या खांद्यावर थाप पडली की मी डावीकडे सरकायचो, आणि खरोखर शेजारून टेम्पो नाहीतर कंटेनर जायचा. दोन वर्षं ती या थापा मारत होती आणि मी मनात म्हणत होतो, काय भित्री झाली आहे ही. व्हॉल्व्हचा मला त्या दिवशी वाटेत एकदाही विचार आला नाही.

काष्टी जवळ आलं तसे ट्रॅक्टर वाढले. एका वळणावर थ्रॉटल सोडला तसा आरसा क्षणभर स्थिरावला आणि त्यात तिचा चेहरा दिसला. ती काहीतरी बोलत होती. शब्द येत नव्हते, पण शेवटचे दोन मला ओठांवरून कळले. ते मी कुठूनही ओळखले असते. ऐकलं का.

माझ्या तोंडात सवयीनं 'हं' आलं होतं. इतकी वर्षं तेच आलं होतं, ऐकलं तेव्हाही आणि नाही ऐकलं तेव्हाही. ती विचारत होती आणि मला वाटत होतं हाक मारतेय. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मान मागे वळवून म्हणालो, "न्हाई. न्हाई ऐकलं."

तिनं मांडीवरची पिशवी नीट केली. मग पुढं झुकली आणि माझ्या कानाशी तोंड आणून पुन्हा सांगितलं.

"जरा हळू चालवा, म्हनलं."